पाय कोणी धरायचे

फोन ठेवल्यावर शालिकराम बराच वेळ पाण्याच्या माठाकडे पाहत बसला.

"काय म्हणते रंजू?" त्याच्या बायकोने, अंजनाने, आतून येत विचारलं.

"येतो म्हणते. पुढच्या आठवड्यात. त्याची मायबी येऊन राहिली."

"मंग चांगलं हाय ना. अजी, तुमी काऊन पांढरे पडले?"

रंजिता त्यांची एकुलती मुलगी. दार-ए-सलामच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, आणि तिथल्याच लॅबमधला बराका नावाचा मुलगा तिने पसंत केला होता. शालिकरामने त्याला फोनवर पाहिलं होतं. उंच, हसरा, मान खाली घालून बोलणारा. त्याच्याविषयी तक्रार नव्हती. पण त्याची आई घर पाहिल्याशिवाय होकार देणार नव्हती, आणि तिला स्वाहिलीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. शालिकरामला मराठी, हिंदी, पोवारी आणि मिलमधल्या हमालांची छत्तीसगढी येत होती. इतक्या भाषा येऊनही माणूस मुका ठरू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"रंजू हाय ना सांगाले," अंजना म्हणाली.

"पोरीच्या सोयरिकीत पोरगीच बोलन, तं बाप कायले पाहिजे?"

भीती खरी निराळीच होती. आपल्या हातून काही वेडंवाकडं झालं आणि त्या बाईने तोंड फिरवलं, तर रंजिता भांडणार नाही. ती लहानपणीही भांडत नसे. ताट हळूच बाजूला सारायची आणि उठायची. ते सारलेलं ताट पुढे आयुष्यभर दिसत राहील, असं त्याला वाटत होतं.

म्हणून तो स्वाहिली शिकू लागला. गोंदियाच्या राईस मिलमध्ये तो फोरमन होता. मशीन लावून दिली की कोपऱ्यात पोत्यावर बसायचं आणि कानात इयरफोन खुपसायचे. फोनमधला मास्तर हिंदीतून शिकवायचा. घरघराटात आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून शालिकराम त्याच्यामागून मोठ्याने म्हणे. हमाल आधी हसले, मग त्यांना वाटलं फोरमनने कसलं तरी व्रत धरलं आहे, आणि ते पोती जपून टाकू लागले.

व्याकरणाने त्याचा घाम काढला. "आपल्या इथं एकाचे चार झाले का शब्दाचं शेपूट बदलते," त्याने जेवताना अंजनाला सांगितलं. "त्याइच्यात डोस्कं बदलते. एक लेकरू असलं तं म्तोतो. चार झाले का वातोतो."

"चार लेकरं झाल्यावर डोस्कं बदलतेच," अंजना म्हणाली. "भाजी घ्या."

एक गोष्ट मात्र मनासारखी निघाली. धानाला त्यांच्यात एक शब्द होता, तांदळाला दुसरा, शिजलेल्या भाताला तिसरा. म्पुंगा, म्चेले, वाली. बराकाच्या आईची मोरोगोरोकडे धानाची शेती होती. धान आणि भात वेगळे ओळखणारी माणसं अगदीच परकी नसतील, असा विचार करून शालिकराम त्या दिवशी पोटभर जेवला.

आणि मग मास्तरने 'शिकामो' शिकवला. हा आदराचा नमस्कार, तो म्हणाला, याचा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरतो'.

शालिकरामने तिथेच फोन बंद केला. पुढचं ऐकायची गरजच उरली नव्हती. पाय धरायचे म्हणजे जावयाचे. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या मुलीचा बाप जावयाचे पाय धरत आला होता. त्याच्या बापाने धरले, सासऱ्याने तर खुद्द त्याचे धरले होते. जगाच्या त्या टोकालाही यासाठी शब्द असावा, या विचाराने त्याला भरून आलं. हा शब्द त्याने कोणालाच सांगितला नाही. रंजिता दोन दिवस आधी घरी आली, तिलाही नाही. ती 'राहू द्या बाबा' म्हणेल, आणि मग उरलंसुरलं धैर्यही जाईल, अशी त्याला धास्ती होती.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच चोरखमाऱ्याहून त्याची थोरली बहीण रुख्मा आली, आणि आल्याआल्या तिने रंजिताला आतल्या खोलीत बसवलं.

"आत्या, माझ्याशिवाय बोलेल कोण?" रंजिता म्हणाली.

"पाहुन्याचे पाय धुनं होऊन चहा होतवरी पोरगी बाहेर येत नसते. तुई माय आली होती का? बस चुपचाप."

अशा रीतीने त्यांच्या मुर्री गावात स्वाहिली जाणणारं एकुलतं एक माणूस पडद्याआड गेलं.

शेजारचे भैयाजी बिरसीच्या विमानतळावरून पाहुण्यांना गाडीत घेऊन आले. गाडी अंगणात थांबली तसा शालिकराम पुढे झाला. आधी बराका उतरला. त्याच्या मागे डोक्याला रंगीत कापड बांधलेली, भरल्या अंगाची बाई उतरली आणि हातातली पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

"शिकामो," शालिकराम म्हणाला. आवाज मिलमधला निघाला. समोरच्या जमुनाबाई ओट्यावर आल्या. मग तो बराकाच्या पायांकडे वाकला.

बराकाचं हसू मावळलं. तो मागे सरला आणि गाडीच्या दारावर आपटला. रंजिताने त्याला बजावून ठेवलं होतं, की भारतात थोरांच्या पाया पडायचं असतं. जावयाला यातून सूट आहे, हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. त्यामुळे तो घाईघाईने गुडघ्यांत वाकला आणि "शिकामो, शिकामो" म्हणत त्याने शालिकरामच्या पायांना हात घातला.

 जावई सासऱ्याच्या पाया पडतोय, आणि तोही अख्ख्या गल्लीसमोर. शालिकरामने पाय मागे ओढले आणि तो आणखी खाली गेला. बराका त्याहून खाली गेला. शालिकरामने गुडघे टेकले, बराकाने कोपरं टेकली.

"हे काय कुस्ती लावून राहिले?" रुख्मा ओट्यावरून म्हणाली. "शालिक, सोड ना पोराले."

"मी कुठी धरलो? त्यानं धरलं."

एवढ्यात शालिकरामच्या गुडघ्यात कळ आली आणि त्याला उठता येईना. बराकाची आई धावत आली. तिने काहीतरी विचारलं. शालिकरामच्या डोक्यातले सगळे म्तोतो आणि वातोतो उडून गेले होते. उरला होता फक्त माफीचा शब्द.

"समाहानी," तो म्हणाला. मग पुन्हा, "समाहानी, समाहानी."

बाई थबकली. तिने त्याच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, बंद पडद्याकडे पाहिलं. मुलीचा बाप मातीत बसून माफी मागतो आहे आणि मुलगी कुठे दिसत नाही. ती बराकाला घाईघाईने काही बोलू लागली. शालिकरामला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. त्याने डोळे मिटले. रंजिता ताट सारते आहे, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"भैयाजी," अंजना हळूच म्हणाली, "गाडी बंद नोका करू, त्याइले वापस जा लागन."

"बाबा," पडद्यामागून रंजिताचा आवाज आला, "तुम्ही त्याला शिकामो म्हणालात?"

"हो ना बाई. पाय धराचे असते ना जावयाचे."

"ते लहानांनी मोठ्यांना म्हणायचं असतं, बाबा. मोठा माणूस लहानाला कधीच म्हणत नाही. त्याला वाटलं तुम्ही चिडून टोमणा मारला. आणि त्याच्या आईला वाटतंय, मला काही झालं आहे आणि तुम्ही लपवताय."

"मंग तू बाहेर ये ना."

"पाय धुनं झाल्याबगर नाही," रुख्मा म्हणाली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. "बोलाले मनाई नाही. आतूनच बोल."

मग रंजिता आतून स्वाहिलीत बोलली, पुष्कळ वेळ. बाई पडद्याकडे तोंड करून ऐकत होती. मधेच तिने आपल्या मुलाकडे पाहिलं, मग मातीत बसलेल्या शालिकरामकडे. ती खाली वाकली, त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला धानाचं पोतं उचलावं तसं उभं केलं, आणि त्याचा हात न सोडता पडद्याकडे पाहून संथपणे बोलू लागली.

"काय म्हणते?" शालिकरामने घाबरत विचारलं. "नाही म्हणते का?"

रंजिता पडद्याआडून सांगू लागली. "त्या म्हणतात, विमानात शेजारच्या बाईने पदर आवरून घेतला. दोन जागी लोकांनी न विचारता फोटो काढले. इथे मुलाला घरात घेतील की अंगणातूनच परत लावतील, याची धास्ती घेऊन त्या गाडीत बसल्या होत्या. आणि तुम्ही तर सगळ्यांदेखत त्याच्या पायांशी गेलात. त्या म्हणतात, आता घर पाहायचं राहिलं नाही. पोरीच्या बापाला विचारा, त्याचा होकार आहे का."

शालिकरामने होकाराची मान हलवली. 

"मंग गाडी बंद करू?" भैयाजींनी विचारलं.

रुख्मा तोवर पितळेची परात आणि लोटा घेऊन बाहेर आली होती. बराकाला खुर्चीवर बसवण्यात आलं. रुख्माच्या मागे पाय धरायला अंजना उभी राहिली, अंजनाच्या मागे भैयाजी, आणि जावई आला म्हटल्यावर जमुनाबाईही ओटा उतरून रांगेत आल्या. ऐंशीच्या घरातल्या जमुनाबाई कमरेतून वाकलेल्याच होत्या. आपल्या पायांकडे येणारी ती रांग पाहून बराकाने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्याने शालिकरामच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं.

"बाई," शालिकरामने पडद्याकडे वळून विचारलं, "भिऊ नोको, याले काय म्हनतेत?"

"उसिओगोपे, बाबा."

शालिकरामने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "उसिओगोपे," तो म्हणाला, "उसिओगोपे."

"त्याले सांगून राहिले का सोताले?" अंजना म्हणाली आणि लोट्यातलं पाणी तिने परातीत ओतलं.