समुद्र बेचाळीस मीटरवर

"जमीन हलत नाही, माणसं हलतात!" हे मोजणीसाहेबांचं लाडकं वाक्य. सत्तावीस वर्षं टेप धरून लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, बोलणारच! घरात मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी जावयाला चांगलं म्हणायला सासूबाईंची जीभ काही रेटत नव्हती.

म्हणून यंदा साहेबांनी जंगी बेत आखला. समुद्रातलं वाळूचं बेट आणि त्यावर तंबूत मुक्काम! तंबू कसला, राजवाडाच म्हणा. आत वीतभर उंचीचा पलंग, त्यावर हवेची जाडजूड गादी, खाली गालिचा, मागं गरम पाण्याची न्हाणी.

"या वेळी आई शाबास म्हणाल्या नाहीत, तर नाव बदलीन!"

"आधी तिला होडीतून नीट उतरवा," बायको म्हणाली.

तंबूवाला वर, झुडपांपाशी तंबू ठोकत होता. साहेबांना ते कुठलं पटायला!

"समुद्र दारात हवा! खाली घ्या, आणखी खाली!"

"साहेब, भरतीला पाणी..."

"तुम्ही तंबू बघा, जागा मी बघतो!"

तंबूवाल्यानं निमूटपणे, 'जागा स्वखुशीने बदलली' अशा कागदावर त्यांची सही घेतली आणि तंबू हलवला. साहेबांनी पाण्याच्या काठाला खुंटी ठोकली, टेप लावला. दारापासून समुद्र बरोबर बेचाळीस मीटर! आकडा वहीत गेला, खाली रेघही मारली गेली.

जेवणं झाली. सासूबाईंनी गादी दोनदा दाबून पाहिली. साहेब कानात प्राण आणून उभे! "हं," एवढंच म्हणून त्या आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या.

हिरमुसलेले साहेब बाहेर आले. सवयीनं टेप सोडला, तर समुद्र एकोणीस मीटरवर! आणि खुंटी गायब! दुसरा कुणी म्हणाला असता, भरती आली. साहेब गरजले, "अतिक्रमण!"

वरच्या तंबूतला दातांचा डॉक्टर खाली पाण्याच्या काठाशी वाळूत खुर्ची टाकून पेंगत होता. साहेब थेट त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"माझी खुंटी कुणी उपटली?"

"अहो, मी सुट्टीत काहीच उपटत नाही!"

"मग गेली कुठं?"

"पाण्याखाली असेल."

"पाणी बेचाळीस मीटरवर आहे! मी स्वतः मोजलंय!"

"तुमच्या घोट्याला काय लागलंय मग?"

साहेबांनी खाली पाहिलंच नाही. वही उघडून ते रेघ दाखवायला लागले. चांगला अर्धा तास हुज्जत चालली. तेवढ्यात गालिचा त्यांच्या शेजारून ऐटीत निघून गेला. त्यामागून सासूबाईंच्या चपला, एकीमागं एक.

"अहो, आई चालली!" बायकोची किंकाळी आली.

"कुठं?"

"समुद्रात!"

तंबूच्या सताड उघड्या दारातून गादी बाहेर पडत होती आणि गादीवर सासूबाई गाढ झोपेत! गेलं, बावीस वर्षांचं सगळं गेलं! वही फेकून साहेब धावले, आपटले, उठले, पुन्हा आपटले. पाणी जेमतेम गुडघाभर, पण साहेब त्यातही दोनदा बुडाले.

सासूबाईंना जाग आली. त्या उठून बसल्या. डावीकडं समुद्र, उजवीकडं समुद्र, आणि पुढ्यात नाकातोंडातून पाणी गाळणारा जावई!

"हे कुणी केलं?"

बायकोनं डोळे मिटले. किंकाळी ऐकून आलेल्या तंबूवाल्यानं प्रामाणिकपणे कागद उंचावला. "साहेबांनी! मी नको म्हणत होतो, पण त्यांनी सही करून दिलीय!"

सासूबाईंनी पाय पाण्यात सोडले, एकदा आपटले आणि खदखदून हसल्या.

"अगंबाई! अंथरुणावरून समुद्रात! चपला घालायचीसुद्धा तसदी नाही! शाबास जावईबापू! याला म्हणतात डोकं!"

साहेबांचा ऊर भरून आला. खरं काय ते सांगावं, असं क्षणभर मनात आलं होतं. पण हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो!

"तुमच्यासाठी काय पण, आई!" ते म्हणाले.

"मग उद्या सगळं बेट दाखवा. अस्संच!"

दुसऱ्या दिवशी भरतीला सगळ्यांनी पाहिलं. कमरेला दोरी बांधलेले मोजणीसाहेब पुढं, गादीवर सासूबाई मागं. काठावरच्या प्रत्येक तंबूला त्या ओरडून सांगत होत्या, "जावई असावा तर असा!" साहेब दम खायला थांबले, की कौतुकही थांबायचं. मग बिचारे पुन्हा ओढायला लागायचे. असे त्यांनी बेटाला साडेतीन फेरे मारले.