शनिवारी जन्मलेला क्वाकू

आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मते, त्या वाराचे नाव त्याला मिळते. बुधवारचा तो क्वाकू, शनिवारचा तो क्वामे. त्यामुळे राष्ट्रीय संघात प्रथमच निवडला गेलेला बचावपटू क्वाकू अदुसेई कागदोपत्री शनिवारी जन्मल्याचे फुटबॉल कचेरीच्या निदर्शनास आले, तेव्हा प्रकरण गंभीर झाले. सामना रविवारी होता.

क्वाकू म्हणजे घानातल्या आमच्या कुमासी शहराचा जीव की प्राण. बारा वर्षे तो इथल्या क्लबची डावी बाजू राखत होता. निम्म्या गाड्यांच्या मागच्या काचेवर त्याचा चेहरा, न्हाव्याकडे त्याच्या नावाचा केसांचा कट. चौकशी अधिकारी ओपोकूसाहेबांनीही तोच कट मारलेला होता.

क्वाकूची आई सेरवाबाई कचेरीत जाऊन थडकल्या. मुलाला देशाच्या जर्सीत एकदा पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा.

"बुधवारच होता, लेका! बाजाराचा दिवस. केळ्यांचा घड खाली ठेवला आणि हा आला. तारीख तुमच्याच कारकुनाने चुकवली."

"पावती आहे का, आजी?"

"केळ्यांची की पोराची?"

तोंडी मातृत्व ग्राह्य धरता येत नाही, असे साहेबांनी अदबीने सांगितले.

"साहेब, मग क्वामे म्हणा मला," क्वाकू काकुळतीला आला. "पण खेळू द्या."

"जरूर. फक्त अडचण एवढीच, की एकशे बारा सामने क्वाकू खेळला आहे. क्वामे अजून मैदानातही उतरलेला नाही. त्याला मुलांच्या निवड चाचणीपासून सुरुवात करावी लागेल. वय किती तुमचं?"

"एकतीस."

"मग तिथेही बसत नाही."

गाव पेटून उठले. दोन दिवसांत दहा हजार सह्या जमल्या. मी स्वतः रांगा लावल्या. साहेबांनी गठ्ठा डोळ्यांत पाणी आणून स्वीकारला आणि शेरा मारला: 'क्वाकू लोकप्रिय असल्याचे सिद्ध होते. समोरील इसम क्वाकू असल्याचे नाही.'

रविवारी डावी बाजू एका नवख्याने सांभाळली. चार गोल झाले, चारही तिकडूनच. सेरवाबाईंनी दुसऱ्या गोलनंतर रेडिओ बंद केला.

सोमवारी चौकशी बसली आणि तासाभरात उठली. पराभवास क्वाकू अदुसेई याची गैरहजेरी जबाबदार ठरली. हा इसम क्वाकूच कशावरून, असे या वेळी कोणी विचारले नाही. नोटीस थेट त्याच्या घरी पोहोचली, नावासकट, पत्त्यासकट.

"आता पटलं ना, बुधवारचा आहे?" सेरवाबाईंनी शिपायाला विचारले. शिपायाने पोच मागितली.

दोषी माणसाच्या समर्थकांचीही चौकशी होणार, अशी आवई दुपारी उठली. ओपोकूसाहेबांनी उदारपणे सही मागे घेण्याची खिडकी उघडली. मला क्वाकू अजूनही मनापासून आवडतो. या खिडकीच्या रांगेत माझा नंबर चौथा आहे. लाजू नका, माझ्या मागे उभे राहा. पुढचे तिघेही त्याच्यावर जीव टाकणारेच आहेत.