गंगाधरपंतांची रंगीत तालीम

सासऱ्यांच्या छातीतली पेसमेकरची जुनी वायर स्वतःच्या हातानं काढली, की डॉ. उन्मेषला दोन लाभ होते. परळच्या इस्पितळातल्या नव्या विभागाची पहिली केस त्याच्या नावावर लागणार होती. आणि गोदीतले निवृत्त हेडक्लार्क गंगाधरपंत जावयाची ओळख 'आमचे शिकाऊ डॉक्टर' अशी करून देणं थांबवणार होते. दुसरा लाभ मोठा!

"त्यात काय! गोधडीतला दोरा ओढावा तशी ओढतो!" उन्मेष म्हणाला.

पण बारा वर्षांत वायर शिरेला फणसाच्या चिकासारखी चिकटलेली असते. म्हणून आधी सिम्युलेटरवर सराव सक्तीचा. रबराची छाती, समोर पडदा, पडद्यावर खोटं हृदय. यंत्र असं चिकित्सक, की रुग्णाचं नाव, वय, मोबाइल भरल्याशिवाय सुरूच होईना. उन्मेषला सासऱ्यांची माहिती तोंडपाठ. दिली ठोकून!

पहिल्या खेपेला शीर फाटली. दुसऱ्या खेपेला शीर वाचली, हृदय फाटलं.

"सर, जरा दमानं," ज्युनियर सुरुची म्हणाली. तिचा खोटा रुग्ण केव्हाच ठणठणीत होऊन घरी गेला होता.

"तू गप गं!" म्हणत उन्मेषनं तिसरा हिसका दिला.

तिन्ही निकाल यंत्रानं इमानदारीत भरलेल्या मोबाइलवर धाडले.

तो मोबाइल काळाचौकीच्या चाळीत चार्जिंगला होता. पंत "इस्पितळात ऑपरेशनच्या संमतीची सही करून येतो" सांगून सकाळीच बाहेर पडलेले. मेसेज इंग्रजीत, म्हणून पंतांच्या पत्नी रमाबाईंनी फोन शेजारच्या चिंतामणींपुढे धरला. चाळीचा फळा चिंतामणीच लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, धीर मात्र दमडीचा नाही.

"वायर काढताना मृत्यू... वहिनी, तीन-तीन मेसेज आलेत हो! शंकेला जागाच नाही!" आणि खडू घेऊन धावले.

तासाभरानं पंत पिशवी हलवत आले नि फाटकाशी थबकले. फळ्यावर त्यांनाच श्रद्धांजली! त्यांनी शेवटपर्यंत वाचली.

"चिंतामण्या, वय चुकलंय. मंगळवारी चौऱ्याहत्तर पुरी झाली."

"पंत! तुम्ही इस्पितळात..."

"गेलोच नाही. वाटेत बांगडे ताजे दिसले."

मेसेज वाचून पंत तडक परळला निघाले. मागोमाग अर्धी चाळ. पांढरे कपडे बदलायला सवड कुणाला होती!

"उन्मेषराव, तीनदा मारलंत मला?"

"बाबा, ती तालीम होती!" उन्मेषनं सारवासारव केली. "आणि मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात!"

पंतांनी क्षणभर मनात गुणाकार केला. "तीनदा उठली. म्हणजे बरंच वाढलं. ते उधळायला तुमच्याच हातात देऊ होय?" आणि त्यांनी सही केली ती सुरुचीच्या नावावर.

वायर अलगद निघाली. पंत ठणठणीत आहेत, पहिली केस सुरुचीच्या खाती जमा आहे. उन्मेषला मात्र आणखी सराव लागला. आणि यंत्रातलं नाव-नंबर बदलायचं नाही, अशी पंतांची सक्त ताकीद आहे. गेल्या शनिवारी ते सोळाव्यांदा वारले. दर खेपेला आयुष्य वाढतं पंतांचं, आणि त्या आनंदात चाळभर पेढे वाटावे लागतात उन्मेषला!