हसरे हेडमास्तर

मेहुण्याच्या नादी लागून फोटोग्राफरने दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून बाजारात न आलेली ऑपरेटिंग सिस्टीम घालून घेतली, तेव्हाच बायकोने कपाळाला हात लावला होता. मेहुणा तिचाच भाऊ, त्यामुळे तिला अनुभव होता.

"दाजी, लोक टपून बसलेत हिच्यासाठी," मेहुणा म्हणाला होता.

"मग त्यांना दे की."

"तसं नाही. आपण आधी वापरायची, चुका सापडल्या की कंपनीला कळवायच्या. मानाचं काम आहे!"

चुका शोधाव्या लागल्या नाहीत, त्या आपल्या पायांनी चालत आल्या. घड्याळ उलटं फिरू लागलं. प्रिंटर शेजारीच असून सिस्टीम त्याला ओळख दाखवेना. तशी दुकानात घाई कुणाला होती म्हणा. हल्ली लोकांना फोटोग्राफर आठवे तो घरातलं कुणी गेल्यावरच.

त्या दुपारी एका भावाबहिणीला तो आठवला. त्यांचे वडील, शाळेचे हेडमास्तर, नुकतेच वारले होते. संध्याकाळी शोकसभा होती आणि घरात त्यांचा एकच धड फोटो सापडला होता, तोही ओळखपत्रावरचा, नखाएवढा.

"मोठा करून द्या," मुलगा म्हणाला. "पण आहेत तसेच दिसू देत. बाबा फार कडक होते."

"हसताना आम्ही त्यांना पाहिलंच नाही कधी," मुलगी म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर पडली.

फोटोग्राफरने फोटो स्कॅन केला. हेडमास्तर पडद्यावर आले आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसले. त्याने चष्मा पुसला. हसू काही पुसलं गेलं नाही. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"अरे वा, आलं का ते! चेहरे आपोआप प्रसन्न करतं."

"माणूस गेलाय रे! बंद कसं करू?"

"बटण आहे ना तिथे."

"दाबलं. 'हे बटण लवकरच चालू होईल' म्हणतंय."

"मग पुन्हा स्कॅन करून बघा."

पुन्हा केल्यावर दात दिसले. आणखी एकदा केल्यावर हेडमास्तर डोळे मिटून खदखदू लागले, आणि नेमकी तेव्हाच सिस्टीमला प्रिंटरची ओळख पटली. कुणी न सांगता तिने तो फोटो भलामोठा छापला आणि पडदा काळा करून टाकला. तो पुन्हा उजळलाच नाही. गावातलं दुसरं दुकान कधीच बंद पडलं होतं.

संध्याकाळी फोटोग्राफर कागदात गुंडाळलेली फ्रेम छातीशी धरून, मान खाली घालून, हेडमास्तरांच्या घरी गेला. खोलीत माणसं दाटीवाटीने, मुकाट बसली होती. त्याने माफी मागायला तोंड उघडलं, तोवर मुलाने कागद फाडला होता.

कुणीतरी खोकलं. शाळेतले एक जुने शिक्षक सवयीने उठून उभे राहिले आणि मग गोंधळून खाली बसले.

"हे काय करून ठेवलंत?" मुलगा दबक्या आवाजात ओरडला. "हे बाबा आहेत?"

"चुकलं माझं," फोटोग्राफर पुटपुटला. "पैसे नकोत मला. उद्या कुठूनही दुसरा करून आणतो."

"इकडे आण बघू," कोपऱ्यातून हेडमास्तरांची बायको म्हणाली.

फ्रेम मांडीवर घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. मुलगी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, हे ते नाहीत गं."

"कळतंय मला," म्हातारी म्हणाली. "ते तोंड जन्मभर बघितलं. आता राहिलेले दिवस हे बघेन. लावा भिंतीला."