तांबेऱ्याचा चार्ज

आमच्या ह्यांना गव्हावरचा तांबेरा गव्हाच्या आठ दिवस आधी होतो.

नऊ वर्षांपूर्वी हे कृषी सहायक म्हणून सारोळखेड्याला आले, त्याच माघात पहिल्यांदा झाला. डाव्या कोपरावर नारिंगी ठिपके उठले. बोट लावलं तर बोटाला पूड लागली. मला वाटलं पुरळ असेल, म्हणून मी चंदन उगाळून लावलं. आठव्या दिवशी सरपंच बबनराव आथरे गव्हाचं एक पान घेऊन आले, ते ह्यांच्या कोपराशेजारी धरलं आणि म्हणाले, "साहेब, हे तेच आहे." गावाने दुसऱ्या वर्षापासून शेतात बघणं सोडलं आणि गाव आमच्याकडे यायला लागलं.

थंडीत दर मंगळवारी सकाळी आमच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमतात. शेताची पाहणी करताना नागमोडी चालत पाच ठिकाणची झाडं बघायची असतात, तशी ह्यांच्या अंगावरची पाच ठिकाणं ठरलेली आहेत. डावं कोपर, उजवा दंड, पाठ, डावा गुडघा आणि शेवटी मान. हे स्वतःच भिंग धरतात, आणि पाठीपुरतं ते आथरेभाऊंच्या हातात देतात. मग वहीत लिहितात, "पाहणी केली. प्रादुर्भाव मध्यम. आठ दिवसांत फवारणी घ्यावी." माणसं चहा पिऊन जातात. नऊ वर्षांत ह्या गावाचा गहू एकदाही तांबेऱ्याने गेला नाही, आणि नऊ वर्षांत माझी एकही चादर पांढरी राहिलेली नाही.

मला गावाचा राग नाही. घरात तूप कधी विकत आणावं लागलं नाही. पण पहिल्या वर्षी कोपरावर होतं ते यंदा मानेवर चढलं. आभाळ आलं की ह्यांना ठणका लागतो, दव पडलं की कपसुद्धा धरवत नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, तर ग्रामसभेने ठराव करून ते हंगाम संपेपर्यंत लावू नये असं कळवलं. हेही असे गरीब, की ठरावावर पोच म्हणून सही करून मोकळे. तेव्हा मीच पदर खोचला. ह्यांना गहू नसलेल्या ठिकाणी न्यायचं, एवढं एकच माझं म्हणणं होतं, आणि त्यासाठी मी चार वर्षं अर्ज केले.

यंदा ऐन माघात बदलीचा हुकूम आला. आमच्याच मुलखात, दापोलीच्या बाजूला. तिथे भात आणि आंबा. आंब्याला भुरी येते म्हणा, पण ती ह्यांच्याकडे येणार नाही, ते टेबल वेगळं आहे. हुकमात लिहिलं होतं की महिनाअखेरीपर्यंत चार्ज देऊन निघावं. नाही निघालात तर हुकूम रद्द, आणि पुढची तीन वर्षं विचार होणार नाही. मी त्याच दिवशी ट्रंका काढल्या.

आथरेभाऊ ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, दाणा चिकात आहे, अजून भरायचाय. आता साहेब गेले तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

"नऊ वर्षं बघितलंत ना भाऊ. जरा मानेकडे बघा त्यांच्या."

त्यांनी बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मध्यमच्या वर आहे." त्यांनाही वाईट वाटलं, पण शेतात उभ्या गव्हाचंही त्यांना तितकंच वाटत होतं.

ह्यांच्या जागी आलेली प्रणिता सोनकांबळे चुणचुणीत पोरगी, कॉलेजातून सुवर्णपदक घेऊन आलेली. तिने चार्जची यादी मोठ्याने वाचली. भिंग एक, शिक्का एक, हवामानाची वही एक, अंगावरील तांबेरा, डाव्या कोपरापासून मानेपर्यंत.

"हे मला वरून कळवलेलं नव्हतं," ती म्हणाली. "माझी हरकत नाही काकू. पण मला कधी काही उठत नाही. कांजिण्यासुद्धा आल्या नव्हत्या."

तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी नियम बघून सांगितलं की घेणाऱ्याच्या अंगावर लक्षण दिसल्याशिवाय चार्ज घेतला असं धरता येत नाही, आणि चार्ज एका वेळी एकाकडेच राहतो. ते काही चुकीचं बोलत नव्हते.

मग प्रयत्न सुरू झाले. तांबेरा वाऱ्याने पसरतो, म्हणून ह्यांना वाऱ्याकडच्या अंगाला बसवलं आणि प्रणिताला दुसऱ्या अंगाला. वारा फिरला की खुर्च्या फिरवायच्या, त्यासाठी आथरेभाऊ धोतराचा सोगा वर धरून उभे राहायचे. ओलावा लागतो म्हणून पहाटे दोघांवर पाणी शिंपडलं. ह्यांचा स्वेटर तिने पाच दिवस अंगात घातला. पोरीने कशालाही नाही म्हटलं नाही, पण तिचा हात आरशासारखा स्वच्छ. ती रोज संध्याकाळी खाली मान घालून लिहायची, "प्रादुर्भाव शून्य." माझा जीव टांगणीला लागला होता.

अखेरच्या दिवशी सकाळी मी वाटेत खायला पोळ्या करत होते. मनातून आशा सोडली होती, तरी करत होते. कणकेच्या गोळ्यावर नारिंगी बोट उमटलं. मला वाटलं हळद. हात धुतला, पुसला, पुन्हा दाबला, पुन्हा उमटलं. मनगटाच्या आतल्या बाजूला सात ठिपके होते. मी भिंग आणून मोजले.

नऊ वर्षं ह्यांचे कपडे मी हाताने धुतले, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी बराच वेळ चुलीपाशी बसून राहिले. बाही खाली ओढली असती तर कुणाला कळलं नसतं. हुकूम रद्द झाला असता, हे इथेच राहिले असते, आणि पुढच्या माघात मानेवरून कुठे चढलं असतं ते मला बघवलं नसतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. मग उठले आणि ओट्यावर जाऊन हात पुढे केला.

हे म्हणाले, "अगं, तू नको." इतक्या वर्षांत ह्यांनी मला कशाला नको म्हटल्याचं ते पहिलंच. मी म्हटलं, "अहो, सही करा. चारची गाडी आहे."

तालुक्याच्या साहेबांनी फोनवर कळवलं की कर्मचाऱ्याच्या कुटुंबाकडे चार्ज तात्पुरता ठेवता येतो. मात्र घेणारा माणूस मिळेपर्यंत कुटुंबाने मुख्यालय, म्हणजे सारोळखेडं, सोडू नये. प्रणिताने ते यादीखाली लिहिलं, मी सही केली. दुपारपर्यंत ह्यांच्या मानेवरचे ठिपके फिके पडले होते. ट्रंका दोन होत्या, त्यातली एक गाडीवर चढली. पोळ्यांचा डबा मी ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिले.

मंगळवारी माणसं आली. आथरेभाऊंनी संकोचून भिंग प्रणिताच्या हातात दिलं. पाठ आणि गुडघा तिने मला आत नेऊन बघितला. कोपर, दंड बाहेर. तेवढ्यात ह्यांचा फोन आला.

"अंग अगदी स्वच्छ झालंय," हे म्हणाले. "कप धरता येतो. काल बांगडा खाल्ला."

मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. मी म्हटलं, "छान झालं. रात्री पाणी उकळून प्या."

"आणि तुझं? मागे कोण बोलतंय?"

"मंगळवार आहे ना," मी म्हटलं.

प्रणिता पेन्सिल घेऊन थांबली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, मान राहिली."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला, पदर बाजूला केला आणि मान वळवली.