पोहरा आणि कुऱ्हाड

चीनशी लढाई चालू होती, आणि अमरावतीच्या आमच्या गल्लीत केशवराव गुरुजी रोज सकाळी ओट्यावर उभे राहून मोठ्यानं चिनी कविता म्हणत होते.

गल्लीच्या महिला मंडळाची मी चिटणीस. कामं वहीत लिहायची आणि झाली की खोडायची, ही माझी पद्धत. त्या आठवड्यात जवानांच्या स्वेटरांची लोकर आणून झाली होती. चौथं काम उरलं होतं: गुरुजींचं चिनी बंद करणे.

"गुरुजी, लोक चिडलेत," मी म्हणाले.

"चिडू द्या. मी कविता पाठ करून राहिलो बाई, फितुरी नाही. ह्या कवितेनं कोणावर गोळी झाडली?"

"पण चिनीच कशाला?"

"कवळी बसवाले गेलो, अन् भाषा घेऊन आलो."

गुरुजी संस्कृतचे निवृत्त मास्तर. विसर्ग गिळणाऱ्या मुलाला त्यांनी कधी पास केलं नव्हतं. नव्या कवळीनं त्यांचाच 'श' घसरू लागला, तेव्हा अकोल्याच्या लिन या चिनी दाताच्या डॉक्टरांनी जिभेला व्यायाम म्हणून आपल्या मुलखातली एक जुनी कविता दिली. घर सोडून गेलेल्या माणसाची, अवघ्या वीस शब्दांची. 'श' जागेवर आला, पण गुरुजी थांबले नाहीत. पाच वर्षं दर शनिवारी गाडीनं अकोला.

"ऐका," ते मलाच शिकवू लागले. "चिनीत आवाज चढला-उतरला का अर्थ बदलते. विहिरीत पोहरा सोडा, तळाले टेकवा, वर ओढा. मूऽऊ. म्हणजे माय. आता कुऱ्हाड घाला. मू! म्हणजे लाकूड."

समोरच्या गोठ्यातली म्हैस दोन्हींना उत्तर देत होती. गुरुजी म्हणाले, "तिचे उच्चार तुमच्या मंडळापेक्षा बरे आहेत."

चौथं काम तसंच राहिलं. पाचवं काम माझ्या दाढेचं होतं, तेही महिनाभर खोडलं जात नव्हतं. गुरुजी म्हणाले, "शनवारी चला. का चिनी हाताले भेता?"

मी गेले.

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावाला कोणीतरी डांबर फासलं होतं. आत एकही रोगी नव्हता. बारीक चणीच्या लिन डॉक्टरांनी माझी दाढ इतक्या हलक्या हातानं काढली, की मी उगाच ओरडले. मग गुरुजी खुर्चीत ताठ बसले आणि कविता सुरू झाली. वीस शब्दांपैकी एकोणीस खणखणीत. शेवटच्या ओळीत मात्र त्यांनी कुऱ्हाड घातली.

"मू!"

"अरे गुरुजी, फिर लकडी!" डॉक्टर हसत सुटले. "माँ बोलो, माँ. मूऽऊ."

"मू!"

"नहीं, नहीं. मूऽऊ." हसू ओसरलं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि तो शब्द आणखी दोनदा हळू म्हटला. गुरुजींनी तो कानांत प्राण आणून ऐकला.

परतीच्या गाडीत मी गालाला रुमाल लावून बसले होते, तरी विचारलंच. "घरी पोहरा बरोबर पडतो. तिथं कुऱ्हाड कशी?"

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले.

"डॉक्टरची माय तिकडं चीनात आहे. लढाई लागली अन् पत्र बंद झालं. मी बरोबर म्हटलं तर तो नुसता मान हलवते. चुकलो, तरच त्याले 'माय' म्हणा लागते. इथं दुसऱ्या कोणासमोर म्हणन तो?"

मूर्तिजापूर आलं, गेलं.

"गल्लीत सांगू नका. पाच वर्षांत एक शब्द जमला नाही म्हणतील," ते पुटपुटले. "संस्कृतच्या मास्तराले!"

सोमवारी मंडळात विचारणा झाली, "गुरुजींचं बंद झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "होणारही नाही. कविता अजून पुरी झाली नाही. कोणाला काही म्हणायचं असेल, तर मला म्हणा."

वहीतलं चौथं काम मी खोडलं. त्याखाली लिहिलं: शनिवार, अकोला. उरलेल्या दाढा दाखवणे.

दाढा माझ्या उत्तम होत्या.