न झिजणाऱ्या विकरकाकू

माझी भाची शलाका विज्ञानात पास होऊ दे, सोळा शुक्रवार तिच्याच पुस्तकातली कहाणी सांगेन, असा नवस मी एकदा बोलले होते. ती पास झाली. पुस्तक मला वाचावं लागलं! तर बाळांनो, फुटाणे घ्या आणि ऐका.

एका जंगलात पेशी नावाचं राज्य होतं. एवढंसं, की मोहरीवर ठेवलं तर हरवेल. तिथे एटीपी नावाची माकडं राहत. प्रत्येकाच्या शेपटीला तीन गोंडे, दाटीवाटीने बांधलेले. तिसरा सुटला की मोठा जोर निघे. मग माकड गिरणीत पळे आणि नवा गोंडा बांधून येई.

ही गिरणी चाले ग्लुकोज नावाच्या हरिणींच्या गोडव्यावर. पण हरिणी ज्या दारानं येत, त्याच दारानं निघून जात. शेपटीला गोंडा बसला, तरच दारात अडकत आणि राहत.

तो बसवायची एक कासवीण. तिचं नाव हेक्सोकायनेज. एवढं नाव घेईपर्यंत चहा निवायचा, आणि पुस्तकात असं काम करणाऱ्यांना विकर म्हणतात, म्हणून सगळे तिला विकरकाकू म्हणत. काकू माकडाला आणि हरिणीला एकत्र कुशीत घेत. कवच मिटे. टक! इकडचा गोंडा सुटे, त्याच जोरावर तिकडे बसे.

एकदा कोल्हेप्रधानांनी सगळ्यांचं काम तपासलं.

"काकू, सकाळी जशा होतात तशाच आहात. झिजला नाहीत, घामही नाही. मग केलंत काय?"

"जवळ आणलं हो दोघांना."

"बसून? घरी जा."

सिंहमहाराजांनी मान डोलावली. हुकूम निघाला: जोर डोळ्यांना दिसावा म्हणून माकडांनी दरबारातल्या डबक्यातच गोंडे सोडावेत. माकडांनी डबक्यात उड्या मारल्या. फटाफट गोंडे सुटले. पाणी कोमट झालं.

"वा! काय ही ऊब!" प्रधान म्हणाले.

"अहो, पण माझा गोंडा?" हरिणीनं विचारलं.

"थांब गं. हजारेक वर्षांत बसेल आपोआप."

हरिणी निघून गेल्या. गिरणी थंडावली. तीन गोंड्यांचं एकच माकड उरलं, आणि एकच हरिणी. तिचाही एक पाय दाराबाहेर.

महाराज घाबरले. "प्रधानजी, एवढा जोर गेला कुठे?"

"महाराज, आपण त्यात पाय शेकले."

प्रधानांनी धावत जाऊन काकूंना बोलावलं. त्या आल्या, रुसल्या नाहीत. दोघांना कुशीत घेतलं. टक! हरिणी राहिली, गिरणी फिरली, राज्य वाचलं.

दरबार भरला. महाराजांनी काकूंना नीट न्याहाळलं. जशाच्या तशा! मग प्रधानांकडे पाहिलं. धावपळीनं बिचारे अर्धे झाले होते.

शाल प्रधानांना मिळाली. काकू दारातल्या पुढच्या हरिणीला म्हणाल्या, "ये बाई."

तात्पर्य: काम चोख करावं, पण करून ताजंतवानं दिसू नये. मी हल्ली पोळ्या झाल्या की कंबर धरून बसते. बाळांनो, गृहपाठ संपला की तुम्हीही जरा कण्हून घ्या.